वरात-तिरडीचा खेळ

हनोखकाकांनी मला त्यांच्या अंगणाच्या दारातच अडवलं. अंगावर नवं वस्त्र, दाढीला तेल, डोक्यावर पानाफुलांचा मुकुट, असा त्यांचा थाट होता. पण माझ्या गळ्याशी फाडलेलं वस्त्र त्यांना दिसलं आणि चेहरा पडला. आमच्यात घरचं माणूस गेलं की गळ्याशी वस्त्र फाडतात. त्यामुळे बातमी तोंडाने सांगावी लागत नाही.

“आई गेली का गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“ओबेद,” मी म्हणाले.

ते भिंतीला टेकले. ओबेद माझा थोरला भाऊ. वडील गेल्यापासून द्राक्षमळा एकटाच सांभाळायचा. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, संपला त्या रात्री त्याला ताप भरला. डोंगरातल्या तापाला काय घाबरायचं म्हणून त्याने तो अंगावर काढला, आणि त्या बुधवारी, ऊन उंबऱ्याशी यायच्या आत तो गेला. बुधवार हा आमच्याकडे कुमारिकांच्या लग्नाचा वार. त्याच संध्याकाळी हनोखकाकांची मुलगी तिरसा डोलीत बसून टेकडीपलीकडच्या गावी सासरी जायची होती.

मी काय मागायला आले होते ते त्यांना न सांगता कळलं. आमच्या लोकांत घर कितीही गरीब असो, तिरडीपुढे दोन पावे आणि एक रडणारी बाई हवीच. त्याहून कमी म्हणजे माणसाला फेकून दिल्यासारखंच. गावात पावेवाले दोनच, शल्लूम आणि त्याचा भाऊ, आणि ते दोघंही या लग्नघरात बसून वाजवत होते. तेच दोघे, त्याच पाव्यांवर, लग्नातही वाजवायचे आणि मयतालाही. एका दिवशी दोन्ही येतील असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

“थोड्या वेळापुरते द्या, काका,” मी म्हटलं. “पुरायची गुहा काही लांब नाही. पुरून आलो की लगेच पाठवते.”

हनोखकाका वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि दाढीतल्या तेलात मिसळत होतं. माझा हात धरून त्यांनी मला भिंतीच्या आडोशाला नेलं.

“मिल्का, पावे थांबले की घर विचारणार, का थांबले. तिरसाला कळणार. तुझ्या आईच्या हातचं खाऊन ती वाढली आहे. कळलं तर ती आज डोलीत बसायची नाही, आणि आज बसली नाही तर ते लोक पुन्हा यायचे नाहीत. मला दुसरं कोण आहे सांग.”

तिरसा जन्मली आणि तिची आई गेली. तेव्हापासून ती आमच्या चुलीपाशीच रांगली. आतून बायकांची गाणी ऐकू येत होती. तिरसाचे केस मोकळे सोडून त्यांना अत्तर लावत असावेत, कारण मध्येच तिचं हसणं ऐकू आलं. नवरी म्हणून तिला आठवडाभर घराबाहेर काढलं नव्हतं. ओबेदला ताप आला होता हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

काका म्हणाले, कफनाला माझ्याकडचं कापड ने, रोटी पाठवतो, माणसं पाठवतो, फक्त पावे मागू नकोस. आणि वरात निघायच्या आत, उजेड आहे तोवर ओबेदला घेऊन जा. चौवाटेवर समोरासमोर येऊ नका. कापड घेतलं आणि निघाले.

चौवाटेचं त्यांनी का म्हटलं ते सांगायला हवं. आमच्यात जुना नियम आहे. वरात आणि तिरडी एका वाटेवर आली तर तिरडीने बाजूला व्हायचं. जिवंत माणूस आधी, मेलेला नंतर. म्हणतात की राजाची तिरडी असली तरी भिकाऱ्याच्या वरातीला तिने वाट द्यावी.

या नियमावरूनच आम्हा पोरांचा खेळ निघाला होता. आमच्या गावच्या बाजारात, विक्रीवाले उठून गेले की सगळी पोरं जमायची आणि दोन टोळ्या पडायच्या. एक वरात, एक तिरडी. वरातीत एक नवरी, तिच्या डोक्यावर डाळिंबाची डहाळी. तिरडीत एक मढं, त्याला जुन्या दारावर झोपवायचं. दोन्हींकडे झऱ्याकाठच्या बोरूचे पावे, ज्यातून तीनच सूर निघायचे. ते तीन सूर आम्ही एकामागून एक वाजवायचो, लग्नालाही तेच आणि मयतालाही तेच. दोन टोकांकडून दोन्ही टोळ्या निघायच्या आणि मधल्या उंबराखाली गाठ पडायची.

तिथे खरी मजा. मोठ्यांच्या नियमाने तिरडीने हटायचं, पण आमच्या खेळात तिरडीला एक संधी होती. नवरीने मढ्याजवळ जायचं, हात पाठीमागे बांधून. शिवायचं नाही. बाकी काय करायचं ते करावं आणि त्याला हसवावं. मढं हसलं तर तिरडी वाटेकडेच्या काट्यांत. मढं हसलं नाही, तर वाट त्याची आणि पावेही त्याचे. वरातीने रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि आपले पावे देऊन टाकायचे.

मढं व्हावं ते ओबेदनेच. माकडासारख्या उड्या मारा, गाढवासारखं ओरडा, त्याच्या पापणीचा केसही हलायचा नाही. कुणीकुणी खरंच घाबरून रडायचं. त्याला हसवणारी सगळ्या गावात एकच होती. तिरसा काहीही करायची नाही. उड्या नाहीत, तोंड वेंगाडणं नाही. ती शांतपणे येऊन त्याच्या कानाशी वाकायची आणि हुबेहूब आमच्या आईच्या आवाजात, तसंच वैतागून, तसंच शेवटचं अक्षर लांबवून म्हणायची, “ओबेद, ऊठ रे. डाळ करपली.”

आणि मढं हसायचं. आधी त्याच्या ओठाचा डावा कोपरा हलायचा, मग नाक फुरफुरायचं, मग सगळा ओबेद दारावरून गडगडत खाली. दर वेळी. आईला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं असतं तर तिने तिघांच्याही पाठी सोलल्या असत्या.

हरणं त्याला फार लागायचं. तो घराच्या धाब्यावर पडून सराव करायचा आणि मला ते वाक्य म्हणायला लावायचा. मी शंभरदा म्हटलं तरी त्याला काही व्हायचं नाही. “तू म्हणतेस तेव्हा तू बोलतेस,” तो म्हणायचा. “ती म्हणते तेव्हा आई बोलते.” आई नसलेल्या पोरीने माझ्या आईचा आवाज किती कान देऊन ऐकला असेल, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तो खेळ सुटून वर्षं झाली होती, पण त्याच्या डोक्यातून तो गेला नव्हता. तापातही मंगळवारी तो मला सांगत होता, उद्या मी उंबराखाली उभा राहणार. डोली आली की ती पडद्यातून डोकावणार आणि म्हणणार. म्हणू दे. या वेळी मी हसणार नाही. मी म्हटलं, बरं, हसू नकोस, पण आधी पाणी पी. त्याला तिच्याबद्दल आणखी काही वाटत होतं का, हे मला माहीत नाही. आमच्याकडे मळा होता खरा, पण त्यावर दोन संसार चालतील एवढा नव्हता. त्याने कधी विषय काढला नाही आणि मीही त्याला विचारलं नाही.

घरी आले तेव्हा आईने त्याला न्हाऊ घालून तेल लावलं होतं. शेजारची माणसं तिरडी घेऊन अंगणात उभी होती. रडणारी बाई सिल्लाआजी, चांगली म्हातारी, गळा साफ करत बसली होती. आईने माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“पावे किती?” तिने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. आई उठली आणि उंबऱ्यात आडवी बसली. दोन पावे आल्याशिवाय माझा मुलगा या दारातून जाणार नाही, एवढंच तिने सांगितलं. त्याच्या बापाला दोन होते.

लोकांनी खूप समजावलं. सूर्य मावळायच्या आत पुरायला हवं, वरात निघायच्या आत चौवाट ओलांडायला हवी. आई ढिम्म. तिला ढकलून तिरडी बाहेर काढायची कुणाची छाती होती? ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. हनोखकाकांनी पाठवलेली रोटी तशीच पडून राहिली. लग्नघरातले पावे मात्र वाऱ्याबरोबर स्पष्ट ऐकू येत होते आणि प्रत्येक सुराबरोबर आईचा जबडा घट्ट होत होता. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. ती काही वेगळं मागत नव्हती. भिकाऱ्याला मिळतं तेवढंच मागत होती.

शेवटी मी कोयती घेतली आणि झऱ्यावर गेले. बोरू तोडला, लहानपणी तोडायचो तसाच. गाठीखाली काप, वर जीभ, तीन भोकं. दुसराही तसाच केला. दोन्ही नळ्या दोऱ्याने एकत्र बांधल्या, एकाच तोंडाने दोन्ही वाजतील अशा. बोटांना सगळं आठवत होतं.

ते पाहून सिल्लाआजी भडकली. “हा पोरखेळ आहे,” ती म्हणाली. “मयताला बोरू वाजवणार? लोक हसतील.”

आईने त्या बांधलेल्या नळ्यांना बोट लावलं. एक, मग दुसरी.

“दोन आहेत ना?” ती म्हणाली. “उचला.”

निघायला असा उशीर झाला. आमच्याकडे तिरडीपुढे बायका चालतात. मी सगळ्यांच्या पुढे होते, मागे आई आणि सिल्लाआजी, मग तो. आईने त्याचा चेहरा झाकू दिला नव्हता. मी वाजवत होते. मला शोकाची चाल कुठे येत होती? मला येत होते ते तीन सूर. सिल्लाआजी आपली विलाप करत होती आणि तिचा विलाप आणि माझे सूर एकमेकांना धरून जात नव्हते. दारादारांतून लोक बघत होते. कुणी हसलं नाही.

चौवाटेवर पोचलो तेव्हा सूर्य टेकडीला लागला होता, आणि समोरून मशाली आल्या.

आधी शल्लूम आणि त्याचा भाऊ वाजवत, मग टाळ्या वाजवत नाचणाऱ्या पोरी, मग डोली, तिच्याशेजारी हनोखकाका आणि सासरची माणसं. तिरडी उचलणारे वाटेवरून उतरले आणि काट्यांत उभे राहिले. नियमच तो. शल्लूमने मला पाहिलं, तिरडीवर कोण आहे ते पाहिलं, आणि त्याचा श्वास चुकला. पण हनोखकाकांनी हाताने खुणावलं, चला, वाजवत चला. त्याने डोळे मिटले आणि वाजवू लागला. नाचणाऱ्या पोरींतल्या काहींनी ओबेदला ओळखलं. त्या माना खाली घालून टाळ्या वाजवत राहिल्या. नवरीला कळू द्यायचं नाही, हे सगळ्यांना त्याच क्षणी समजलं होतं. डोलीचा पडदा बंद होता.

मी थांबायला हवं होतं. वरात जाईपर्यंत तिरडीने गप्प राहायचं असतं. सिल्लाआजी गप्प झाली. मला माणसं खुणा करत होती. पण त्यांच्या पाव्यांचा आवाज माझ्या भावावरून असा वाहत जात होता की बोरू तोंडातून काढला तर तो अगदीच उघडा पडेल असं मला वाटलं. मी वाजवत राहिले. तेच तीन सूर, एकामागून एक.

डोली पुढे गेली. चार पावलं गेली असेल, आणि आतून आवाज आला, “थांबवा.”

हनोखकाका म्हणाले, “बाळ, उशीर होतोय.”

“बोरू कोण वाजवतंय?” तिरसाने विचारलं.

पडदा सरला. ती स्वतःच उतरली, मोकळ्या केसांनी, पांढऱ्या वस्त्रात, आणि मशालींच्या उजेडात तिने आधी मला पाहिलं. माझा फाटलेला गळा पाहिला. मग आईला पाहिलं. मग तिला आणखी बघायची गरज उरली नाही. पण ती आली. सासरची माणसं कुजबुजू लागली. नवरीने मयताजवळ जाणं म्हणजे अपशकुनच. हनोखकाकांनी तिचा हात धरायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

तिरडीपाशी येऊन तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

हे फक्त आम्हाला कळलं. तिच्या-माझ्या वयाची जी पोरं-पोरी होती, तिरडीखाली खांदा दिलेली आणि वरातीत नाचणारी, त्या सगळ्यांना कळलं आणि टाळ्या थांबल्या. पावेही थांबले. ती ओबेदच्या कानाशी वाकली, आणि त्या शांततेत आमच्या आईचा आवाज आला, वैतागलेला, शेवटचं अक्षर लांबवणारा.

“ओबेद, ऊठ रे. डाळ करपली.”

माझ्याशेजारी आई दचकली. तिने आपल्या गळ्याला हात लावला.

तिरसा वाट बघत राहिली. वाकलेलीच राहिली. मला सांगायला लाज वाटत नाही, मीही त्याच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होते. सगळेच बघत होते. मशालीतलं तेल चरचरत होतं. एक वेडा क्षण असा होता की तो कोपरा हलेल असं मला खरंच वाटलं.

मग ती सरळ उभी राहिली.

“हसला नाही,” ती म्हणाली, स्वतःच्या आवाजात. आणि वडिलांकडे वळली. “बाबा, वाट त्याची.”

“अगं, नियम आहे,” हनोखकाका म्हणाले. “नवरीची वाट आधी.”

“वाट त्याची,” ती पुन्हा म्हणाली. “आणि पावेही त्याचे.”

सासरच्यांना काहीच समजलं नाही. पण आमच्या गावच्या नाचणाऱ्या पोरी एकेक करून वाटेवरून उतरल्या आणि काट्यांत जाऊन उभ्या राहिल्या. नवी वस्त्रं अडकत होती, त्यांनी ती सोडवलीसुद्धा नाहीत. डोली उचलणारे आमच्याच गावचे. त्यांनीही डोली कडेला घेतली. शल्लूमने भावाकडे पाहिलं, आणि दोघं रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. माझ्या पुढे उभे राहिले. शल्लूमने मागे वळून माझ्या हातातल्या बोरूकडे पाहिलं आणि म्हणाला, “तूही वाजव.”

तिरडी काट्यांतून वर आली आणि चौवाटेच्या मधोमध गेली. मी तिरसाजवळून गेले. तिचे हात अजून पाठीमागेच होते. आता खेळ संपला होता, तरी तिने ते सोडले नव्हते. मला तिला मिठी मारायची होती, पण तिरडी थांबत नसते.

गुहेपाशी उजेड जेमतेम पुरला. खालून, टेकडीपलीकडे जाणाऱ्या वाटेवरून, वरातीचा आवाज येत होता. पावे नव्हते. नुसत्या टाळ्या, त्याही तुटक तुटक, आणि त्या लांब लांब जात गेल्या.

गावात पुष्कळ दिवस बोलत होते की तिरसाने नियम मोडला, आता तिला पोर व्हायचं नाही, नवरा टिकायचा नाही. लोकांच्या जिभेला हाड नसतं. तिला चार मुलं झाली आणि ती म्हातारी होऊन गेली. आमच्या पुढे भेटीही झाल्या, पण त्या संध्याकाळबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा शेजारणींनी शोकाचं जेवण आणून ठेवलं होतं. आमच्यात घरी मयत झालं की पहिला घास शेजाऱ्यांचा, आणि तो डाळीचा असतो. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. दिवा लावला. वाडगं समोर होतं आणि वाफ विरत होती. आईने सकाळपासून डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. ती डाळीकडे बघत होती.

“मिल्का,” तिने विचारलं, “माझा आवाज खरंच तसा आहे?”

“हो,” मी म्हणाले. “अगदी तसाच.”

आईने वाडगं जवळ ओढलं.

“मग त्याला ऐकू गेला असेल,” ती म्हणाली.